सुदामभाऊ ड्रेसर

सुदामभाऊ माणसाचं तोंड नंतर पाहायचे, आधी हात. पुसदच्या पलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी औषधसाठा सांभाळायला रुजू झाले, त्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीतून एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. नमस्काराला जोडलेल्या माझ्या हातांकडे पाहत म्हणाला, "अंगठ्याले इंजेक्शनची काच लागली होती ना, मॅडम? रुमाल न धरता फोडली असंन." कॉलेजातली ती खूण माझ्या घरच्यांनाही आठवत नव्हती.

ते दवाखान्यातले ड्रेसर, जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे. जखमेवरून धंदा ओळखायचे. डाव्या करंगळीवर काप म्हणजे विळा, बोटांची टोकं गेलेली म्हणजे कापसाचं जिनिंग, मनगटावर भाजल्याचे बारीक ठिपके म्हणजे वेल्डिंग. पिकांवर विषारी औषध फवारायच्या दिवसांत जखम नसलेली माणसं यायची. घामाने निथळणारी, डोळ्यांना अंधारी आलेली. डॉक्टर त्यांना बघत, पण माणूस जरा सावरला की सुदामभाऊ खाटेशी उभेच. "वाऱ्याकडं तोंड करून काहून फवारून राह्यला होतास? वाऱ्याले पाठ दे ना बाप्पा!" रागवता रागवता ते त्याचे पाय चेपत असायचे.

एकदा सोयाबीनच्या हंगामात एका बाईला आणलं. मळणीयंत्राच्या पट्ट्यात पदर गेला होता आणि पदरामागून हात. सुदामभाऊंनी रक्त थांबवलं, हात बांधून दिला, तिला यवतमाळच्या गाडीत बसवलं. मग ड्युटी संपल्यावर मोटारसायकल काढून ते त्या यंत्राच्या मालकाकडे गेले.

"पट्ट्यावर जाळी बसव," ते म्हणाले.

मालक म्हणाला, "तुमी कोन सांगनारे? तुमचं काम पट्ट्या बांधाचं."

"बांधूनच आलो. दुसरी बांधाची पाळी येऊ नये म्हनून आलो."

जाळी बसेपर्यंत ते त्याच्या खळ्यावरून उठले नाहीत. हे त्यांनी मला सांगितलं नाही; तो मालकच पुढे एकदा खोकल्याचं औषध घ्यायला आला, तेव्हा हसत बोलून गेला.

जगाच्या हातांची एवढी काळजी करणाऱ्या या माणसाचे स्वतःचे हात मात्र उघडे असायचे. स्पिरिटने आणि सारखं धुतल्याने त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्याच बोटांनी ते दिवसभर दुसऱ्यांचं रक्त पुसत. एकदा ते माझ्या खिडकीशी आले. "मॅडम, हातमोज्यांचा एक खोका भेटन काय? भेगाईत लई झोंबून राह्यलं."

मी म्हणाले, "बाळंतपणालाच पुरत नाहीत, भाऊ. पुढच्या पुरवठ्यात देते."

"बरं बाप्पा. बायाइचं आधी," म्हणून ते गेले.

त्या वेळी माझ्या मागच्या कपाटात चार खोके होते. तपासणीला साहेब आले की साठा शिल्लक दिसावा, म्हणून मी ते बाजूला ठेवले होते. पुढचा पुरवठा आला, तेव्हा मी विसरले. त्यांनी पुन्हा मागितलं नाही. मला त्यांचे उघडे हात रोज दिसत होते आणि मी रोज खिडकीतून औषधं देत होते.

काही वर्षांनी त्यांचे डोळे पिवळे झाले. पोट फुगलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातून पसरणारी कावीळ आहे, कधीचीच अंगात होती, आता यकृत गेलं. कुणाकडून आली हे सांगता येणार नव्हतं. इतक्या वर्षांत इतक्या जखमा त्यांनी हाताळल्या होत्या.

मी भेटायला गेले. त्यांची बायको, शांताबाई, उशाशी बसून संत्रं सोलत होत्या. मला राहवलं नाही. म्हणाले, "भाऊ, तुम्ही मोजे मागितले होते ना."

"तुमच्याजवळ होतेच कुठं, मॅडम? सोडा ना."

"होते. कपाटात होते. तपासणीसाठी राखले होते."

शांताबाईंचा हात थांबला. सुदामभाऊंनी खिडकीकडे मान वळवली. मला वाटलं, ते रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "माह्या जागी कोन आलं?"

"एक मुलगी आली आहे. वणीकडची."

"तिले मांगू नका देऊ. मांगाच्या आधी देत जा. नवं मानूस मांगाले लाजते."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी स्टुलावर बसून राहिले. शांताबाईंनी मला संत्र्याची फोड दिली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

नऊ दिवसांनी ते गेले. दर सोमवारी सकाळी मी स्वतः ड्रेसिंगच्या खोलीत जाते आणि टेबलावर मोज्यांचा खोका ठेवून येते. ती मुलगी प्रत्येक वेळी म्हणते, "थँक्यू मॅडम." मला तिच्याकडे पाहून उत्तर देता येत नाही.