पांढरी चारचा सूर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी बदलापूरच्या भाजीवालीशी झालेली घासाघीससुद्धा तिखटमीठ लावून सांगते. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. पण आधी त्या तालमीबद्दल सांगू द्या, कारण ती आठवली की अजून मला एका जागी बसवत नाही.

अंबरनाथच्या एका मराठी शाळेत मी गाणं शिकवते. आठ वर्षांपूर्वी आमच्या मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं — समूहगानाची तालीम यापुढे मुलांनीच घ्यायची, बाईंनी फक्त पेटीवर बसायचं. मी नाक मुरडलं. पस्तीस पोरं, त्यातली निम्मी गणिताचा तास बुडवायला आलेली, आणि त्यांना आवरणार कोण, तर त्यांच्यातलंच एक? तरी सरांचा शब्द म्हणून नववीतल्या प्रज्ञाला पुढे उभं केलं. बुवापाड्यातली मुलगी. वडील कारखान्यात कामाला आणि जयंतीच्या कार्यक्रमात ढोलकीवर. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत.

आणि काय सांगू तुम्हाला! पहिल्याच दिवशी तिनं प्रत्येक रांगेतून एकेकाला बाहेर काढलं आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलं. त्यांनी गायचं नाही, नुसतं ऐकायचं. कोण घसरलं, कोण पुढे पळालं, ते सांगायचं. त्यांना तिनं नाव दिलं — 'कान'. रोज नवे कान. सगळ्यात बेसूर पोरगा सगळ्यात तिखट कान निघाला, हे मला वीस वर्षं शिकवून कळलं नव्हतं! "ए, तू गातोय का भाजी विकतोय? रुक, परत घे," असं ती मोठ्या मोठ्या पोरांना सुनवायची, आणि ती ऐकायची. तीन आठवड्यांत पस्तीस गळ्यांचा एक गळा झाला. अंगावर सर्रकन काटा यायचा. शेजारच्या वर्गातले सर खडू हातात धरून दारात उभे राहायचे. मी घरी जाऊन इतकी गुणगुणायचे की दोनदा डाळ करपली.

गाणं कोणत्या पट्टीत घ्यायचं, तेही तिनंच ठरवलं. पांढरी चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी. "बाई, शेवटची ओळ लय वर जाते. अजून वर घेतलं तर बारक्या पोरांचा आवाज फाटेल." मी वरची पट्टी सुचवली होती. तिचं बरोबर होतं.

आनंद झाला ना मला? झाला. खूप झाला. मग आत काय खुपत होतं?

एकदा मुख्याध्यापक दारातून हसून म्हणाले, "बाई, तुमची तर आता सुट्टीच झाली की!" सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी सहावीतल्या एका चिमुरडीला सांगितलं की श्वास इथे नको, पुढे घे. ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "थांबा हं बाई, प्रज्ञाताईला विचारून येते." एवढंच. एवढ्याशा गोष्टीनं माणूस जळतो का? मी जळले. वीस वर्षं शिकवलेली बाई, एका चौदा वर्षांच्या मुलीवर.

स्पर्धा उल्हासनगरला होती, एका सभागृहात. पोरं नुसती उसळत होती. मुलींनी एकमेकींच्या वेण्या तीनतीनदा घातल्या, मुलांनी कधी नव्हे ते बूट पुसले. नाव पुकारलं. आम्ही रंगमंचावर गेलो. मी पेटीवर बसले, प्रज्ञा पुढे. सूर द्यायचं काम तेवढं माझ्याकडे उरलं होतं.

आणि मी — मी पांढरी चार दाबली नाही. दोन पट्ट्या वर सरकून पांढरी सहा दाबली.

चुकून? नाही. बोट कुठे जातंय ते मला दिसत होतं. मनात काय होतं तेही सांगते. पोरं जरा डगमगतील, माझ्याकडे बघतील, मी सावरून घेईन, आणि बाई कशाला लागतात ते सगळ्यांना कळेल.

प्रज्ञाला लगेच कळलं. कळणारच! तिनं झटकन वळून माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावून — बाई, हाच? तेव्हाही बोट मागे घेता आलं असतं. मी मान हलवली. हाच, घे.

तिनं घेतला. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी कसंबसं ओढलं, मग बारकी पोरं फाटली, मागची दोन मुलं घाबरून हसली, आणि ती ओळ उचलायला गेलेल्या प्रज्ञाचा आवाज भर सभागृहात चिरकला. माझ्याकडे कोणीच पाहिलं नाही. सगळे तिच्याकडे पाहत होते.

बाहेर आल्यावर ती माझ्यापाशी आली. रडून डोळे लाल. "सॉरी बाई. मला सूर वर वाटला होता. पण तुम्ही हो म्हणालात ना, म्हणजे माझाच कान गेला." मी काय केलं? तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "होतं गं असं कधीकधी." मी तिला माफ केलं! दहावीनंतर ती गाणं शिकणार होती, वडिलांनी होकारही दिला होता. स्पर्धेनंतरच्या सोमवारपासून ती तालमीलाच आली नाही. मी बोलवायला गेले नाही.

'कान' मात्र आमच्या शाळेत अजून आहेत. दुसऱ्या शाळांतले शिक्षक बघायला येतात, मला विचारतात, ही पद्धत कोणाची? मी सांगते, मुलांनीच शोधली. नाव घेत नाही.

गेल्या जूनमध्ये प्रज्ञा शाळेत आली. आता इथल्याच एका दवाखान्यात काउंटरवर बसते. सोबत भाची होती, पाचवीत आलेली. "बाई, हिला समूहगानात घ्या ना. मस्त गाते. आणि माझ्यासारखा कच्चा नाहीये हिचा कान," असं म्हणून ती हसली आणि माझ्याकडे पाहत राहिली, भुवया जराशा उंचावून, त्या दिवशी रंगमंचावर पाहिलं होतं तसंच.

मी मान हलवली.