जित्या माणसाचा लंबगोल

समजा, तुमच्या पुढ्यात एक जाड, फिकट पिवळा पुठ्ठा आहे. फोटोभोवती बसवायचा माऊंट करण्यासाठी त्याच्या मधोमध तुम्हाला लंबगोल कापायचा आहे. लंबगोल कापायच्या यंत्राच्या एका पट्टीवर रुंदी लावा. दुसऱ्या पट्टीवर लांबी लावायची नाही, लांबीतून रुंदी वजा करून उरेल ते लावायचं; इथेच बहुतेकांची फसगत होते. टोकदार पिना पुठ्ठ्यात रुतल्या की ब्लेडचा दांडा फिरवा. पहिल्या फेरीत नुसता ओरखडा, मग अर्धा खोल, मग आरपार. मध्ये थांबायचं नाही, उलटं फिरवायचं नाही, शिंक आली तर गिळायची. शेवटची फेरी जिथे सुरू झाली तिथेच मिटली तर मधला तुकडा आपोआप सुटतो. नाही मिटली, तर पुठ्ठा वाया गेला आणि तुम्ही यादोरावांच्या नजरेतून उतरलात.

यादोराव म्हणजे गोंदियाच्या बाजारातल्या फ्रेमच्या दुकानाचे मालक, कारागीर आणि स्वतःचे सर्वांत मोठे चाहते. नागपूरचा एक फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा हे लोखंडी बैठकीचं यंत्र त्यांनी पॅसेंजर गाडीतून मांडीवर घेऊन आणलं होतं. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. नव्या नवरीला मात्र डब्यात दाराजवळ उभं राहावं लागलं. पार्वताबाई ते अजून विसरलेल्या नाहीत.

यंत्र आलं आणि त्याला काम मिळालं ते तेरवीचं, मयताच्या तेराव्याला ठेवायच्या फोटोंचं. गावाकडे माणूस गेला की घरच्यांना आठवायचं, अरे, याचा एकट्याचा फोटोच नाही. मग कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो यायचा. तो मोठा केला की मयताच्या गालाला शेजाऱ्याचा कान चिकटलेला असे. चौकोनी माऊंटमध्ये तो कान राहायचा, लंबगोलात गायब व्हायचा. म्हणून यादोरावांनी तेरवीच्या फोटोला लंबगोल आणि लग्नाच्या फोटोला चौकोन, असा नेमच केला. एवढ्या वर्षांत कामठ्यापासून सालेकशापर्यंत भिंतींनी तो पाठ केला. लंबगोल दिसला की पाहुणा चपला काढून हात जोडू लागला. जिल्ह्याला ही सवय यादोरावांनीच लावली आणि आता तिच्याच नावानं ते बोटं मोडत होते.

कारण जिती माणसं लंबगोलात बसायला तयार नव्हती आणि आता मयतांनीही पाठ फिरवली होती. आता तेरवीचा फोटो ॲक्रिलिकवर छापून येतो. मागे ढग, पायाशी कमळं, कडेनं दिवे. जन्मभर हमाली केलेला माणूस मेल्यावर स्वर्गाचा मॅनेजर दिसतो. लंबगोलाला कुणी विचारेना. पार्वताबाईंना यंत्राच्या जागी लॅमिनेशनचं मशीन हवं होतं. शाळांची प्रमाणपत्रं रोज दारावरून परत जात होती. बरीच भांडणं झाल्यावर त्यांनी अट घातली. दिवाळीपर्यंत एका तरी जित्या माणसानं आपला लंबगोल फोटो घरी लावून दाखवावा. नाही तर यंत्र भंगारात.

यादोराव कामाला लागले. एका नवरदेवाला त्यांनी लंबगोलाचा घाट समजावून सांगितला, तर त्याच्या सासूनं तिथल्या तिथे त्याच्यावरून मीठ ओवाळून टाकलं. एका निवृत्त गुरुजींनी तर नुसतं ऐकूनच दुकानाची पायरी सोडली. शेवटी सापडले कामठ्याचे माजी सरपंच केशोराव. जुन्या काळी बॅरिस्टर, मालगुजार असे बडे लोक लंबगोलातच बसायचे, एवढं ऐकताच त्यांनी मिशीला पीळ दिला आणि फोटो ओसरीत लावलासुद्धा. यादोराव आठवडाभर दुकानात गुणगुणत होते.

मग एके दिवशी केशोराव तोच फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले आणि काउंटरवर पालथा ठेवला. झालं होतं असं, की सालेकशाहून त्यांचा साळा बकाराम आला. त्यानं ओसरीत फोटो पाहिला, चपला काढल्या, हात जोडले आणि खाटेवर टेकला. केशोराव आत आंघोळ करत होते. दोन हुंदके ऐकायला मिळतील म्हणून पाणी न ओतता ते कान देऊन उभे राहिले. बकारामनं आधी घाम पुसला. मग सोबतच्याला म्हणाला, बरं झालं, आता गल्लीतला यांचा तो गोठा तरी हटेल, बैलगाडी सरळ दारापर्यंत येईल.

"मी मेलो, अन् त्याले बैलगाडी दिसून राहिली," केशोराव म्हणाले. "मले चौकोनी करून दे, यादोराव. अन् हा फेकू नको. लागंल तवा पोरं येऊन नेतील."

पार्वताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. केशोराव गेल्यावर म्हणाल्या, "लोकायले कायले मागं लागता? तुमी जिते आहा ना? तुमचाच लावा घरी."

यादोरावांना हे आधी का सुचलं नाही, याचाच त्यांना राग आला. त्यांनी नवं ब्लेड बसवलं, आपला फेट्यातला फोटो काढला आणि असा लंबगोल कापला की सांधा भिंगातून शोधून सापडू नये. तो घरी नेला. स्टुलावर चढले. खिळा ठोकला. फोटो उचलला आणि हात छातीपाशीच थांबला. भिंतीवर त्यांच्या बापाचा लंबगोल होता, थोडी जागा सोडून आईचा. मधली मोकळी जागा नेमकी त्यांच्या मापाची होती. ते खाली उतरले, खिळा बारीक आहे म्हणाले आणि फोटो कपाटामागे सरकवला. पार्वताबाई तांदूळ निवडत सगळं पाहत होत्या. 

दिवाळी झाली. दुकानात भंगार नेणारा कबाडी आला. यादोराव यंत्राकडे पाठ करून उभे राहिले. त्यानं बैठकीला हात घातला, तोच पार्वताबाईंनी त्याला थांबवलं.

"राहू दे गा. यांचा कापून तयार हाय, माझा बाकी हाय. तेवढा कापू दे, मंग ने."

मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "कापा."

यादोरावांनी पुठ्ठा काढला, त्यात पिना रुतवल्या, पट्टीवर रुंदी लावली. दुसऱ्या पट्टीपाशी त्यांना वजाबाकीच येईना. कबाडी ताटकळला आणि तराजू उचलून निघून गेला. लॅमिनेशनचं मशीन आलं ते यंत्राच्या बाजूला, स्टुलावर.

त्या पिवळ्या पुठ्ठ्यावर पिनांची भोकं तेवढी पडली आहेत. यादोराव अजून तो पुसून परत ठेवतात आणि दुकानात जो येईल त्याला, प्रमाणपत्र लॅमिनेट करायला आलेल्या शाळकरी पोरीलासुद्धा, एकच विचारतात:

"सांग बरं बाई, कोपरेच तर कापतो मी. मंग जित्या माणसाचं त्यात काऊन बिघडते?"