आप्पा आणि मानाची भिंत

कबड्डीचा सामना रंगात आला की सगळं गाव मैदानाकडे बघायचं आणि दिनकरआप्पा बघायचे बाद होऊन बाहेर बसलेल्या खेळाडूंकडे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कुंडलच्या एका स्पर्धेत. कडेगावजवळच्या आमच्या गावात मी शिक्षक म्हणून नुकताच बदलून आलो होतो आणि हौसेने संघाबरोबर गेलो होतो. आमचा चढाईपटू प्रणव, म्हणजे सरपंचांचा पुतण्या, बाद होऊन बाहेर आला होता. माझ्या शेजारचे सहा फुटी, मिशीवाले गृहस्थ त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"खेळ तिकडे चाललाय," मी म्हणालो.

"गुरुजी, आत समदेच खेळत्यात. गडी कसा हाय ते भाईर बसल्यावर कळतंय. आपला संघ मार खातोय आन् ह्यो क्यास नीट करतोय. रिजेक्ट!"

हा शब्द त्यांनी फौजेतून आणला होता. हवालदार होऊन ते घरी परतले होते. तरुणपणी पलटणीच्या संघातून कबड्डी खेळले, गुडघा गेला, खेळ सुटला, मत देणं तेवढं सुटलं नाही. बाजारातली वांगी, पंचायतीने केलेला रस्ता, धाकटा जावई, फळ्यावरचं माझं अक्षर, सगळं त्यांनी एकेकदा रिजेक्ट केलेलं होतं. त्यांच्या बायकोचा, शांताकाकूंचा चहा मात्र कधीच नाही. त्याचं कारण काकूच सांगायच्या, "रिजेक्ट म्हणून तर बघू देत एकदा!"

आमदारांच्या निधीतून गावाला सभागृह मिळालं आणि गावच्या क्रीडा मंडळाने ठरवलं की त्यातली एक भिंत गावच्या कबड्डीपटूंच्या फोटोंसाठी ठेवायची. मानाची भिंत. हयात नसलेल्या आणि खेळ थांबवलेल्या खेळाडूंची नावं पहिल्याच बैठकीत मंजूर झाली. गेलेल्या माणसाशी भांडण्यात कुणालाच रस नसतो. खरा वाद पेटला तो सध्या खेळणाऱ्यांपैकी कुणाला भिंतीवर घ्यायचं यावर, आणि तो उन्हाळाभर विझला नाही.

प्रणवची बाजू भक्कम होती. बाहेरच्या एका लीगमध्ये त्याला राखीव खेळाडू म्हणून घेतलं होतं. तिथे तो मुख्यतः पाणी प्यायचा, पण ते टीव्हीवर दिसायचं, आणि आमच्या गावात टीव्हीवर पाणी पिणं हीसुद्धा कामगिरीच होती. दुसरा दावेदार पोलीस दलातला संभाजी. त्याची पकड एके काळी जबरदस्त होती. आता मध्यरेषेपर्यंत आधी पोट पोचायचं आणि मागून संभाजी. तरी दोघांच्या बाजूने माणसं हमरीतुमरीवर यायची. दोन सख्खे चुलतभाऊ याच कारणावरून एकमेकांच्या बांधावरून जायचे बंद झाले.

आप्पांचा दोघांनाही विरोध होता. "खेळतोय तवर फोटू न्हाई. भितीवर चढलेला गडी पुन्ना मातीत पडाय लाजतोय."

सरपंच हुशार माणूस. ते गोड आवाजात म्हणाले, "आप्पा, तुम्ही तर कधीच थांबलाय. तुमचं नाव यादीत राहूनच गेलं, तुमचाच लावू की पहिला. पलटणीचा कोट घालून काढा फोटो. मग प्रणवचंही बघू."

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. क्षणभर मला वाटलं, गडी पाघळला. मग म्हणाले, "माझा खेळ गुडघ्यानं सोडवला. लय भारी खेळत हुतो आसं न्हवं. मी बी रिजेक्ट. फुडचा!"

या सगळ्या रणधुमाळीत एक नाव कुणाच्याच तोंडी आलं नव्हतं. एसटीत कंडक्टर असलेल्या माणसाची मुलगी, स्वाती. जिल्ह्याच्या संघात ती कोपऱ्यावर खेळायची आणि तिच्या हातात घोटा सापडला की समोरची पोरगी परत जात नसे. एका संध्याकाळी मी आप्पांच्या ओट्यावर चहा घेत असताना ती सरळ येऊन उभी राहिली.

"आप्पा, मीटिंगला माझं नाव निघालं व्हतं का?"

"खेळतीयास न्हवं आजून? थांबल्यावर बघू."

"थांबायचं माझ्या हातात हाय का? संभाजीदादा पोट सुटलं तरी खेळतोय. माझं स्थळ ठरलं की त्याच दिवशी मी थांबले. मग सासरच्या गावाला माझा फोटू कशाला पायजे? आन् ह्या गावाला तवा मी कोण?"

आप्पा कपातला चहा बशीत ओतू लागले. दारातून काकू म्हणाल्या, "द्या की जवाब. पलटण गप का?"

पुढच्या बैठकीत आप्पा गुडघा धरत उभे राहिले. "माझा नियम चुकला. गड्यांकडं बघून केल्ता, पोरींचा इचारच न्हवता त्यात. स्वातीचा फोटू लावा. खेळतीय तवरच लावा."

सरपंच जणू याचीच वाट बघत होते. "आप्पांनी खेळणाऱ्यांचा रस्ता मोकळा केला, त्यांचे आभार!" टाळ्या वाजल्या आणि चहा यायच्या आत सगळे मंजूर झाले: प्रणव, संभाजी, शिवाय मांडववाल्याचा मुलगा, ज्याच्याकडे संघाचा टी-शर्ट होता. आप्पा "रिजेक्ट, रिजेक्ट" ओरडत राहिले. ते कुणी ऐकलं नाही.

उद्घाटनाला सगळ्यात मोठा फोटो आमदारांचा होता. प्रणव मधोमध, भोवती रंगीत दिवे. स्वाती अगदी टोकाला, विजेच्या बोर्डाला चिकटून. आप्पा तिथे जाऊन ताठ उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून स्वातीला हसू आलं. "आसू द्या आप्पा, मी कोपऱ्यावरच खेळते."

"तू हसू नगंस. तुझं हसणं रिजेक्ट."

दिवाळीनंतर दहिवडीकडचं स्थळ आलं. मुलाच्या बापाने विचारलं, "लग्नानंतर खेळणार न्हाई न्हवं?" स्वाती म्हणाली, "खेळणार." पोहे अर्धे टाकून मंडळी उठली. तिचे वडील संतापले, पुढच्या स्थळाला तिने तोंड उघडायचं नाही म्हणाले. आप्पा त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसले. "पोरगी जिल्ह्याची खेळाडू हाय, पार्सल न्हवं. तिला खेळू देतो म्हण, मगच उठतो." दुपार झाली, ड्युटीची वेळ झाली, आप्पा काही हलेनात. शेवटी एसटीच गाठायची म्हणून वडील हो म्हणाले. पण दिलेला शब्द त्यांनी पाळला. स्वाती अजून खेळते.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. सकाळी काकू चहा घेऊन गेल्या, ते उठले नाहीत. शोकसभा त्याच सभागृहात झाली. ज्यांना ज्यांना त्यांनी रिजेक्ट केलं होतं ते सगळे भरभरून बोलले. सरपंच तर फार छान रडले. आप्पांचा फोटो लावायचा हे एकमताने ठरलं, आणि मग लक्षात आलं की भिंतीवर जागाच नाही.

आमदारांना हलवणं शक्य नव्हतं. प्रणवने खेळ सोडून जिम काढली होती, पण त्याच्या दिव्यांची वायर भिंतीत गेली होती. बघता बघता सगळ्यांच्या नजरा विजेच्या बोर्डाजवळ येऊन थांबल्या. सराव शिबिरातून आलेली स्वाती उठली. "माझा काढा. आप्पांचा लावा."

"बघा, पोरीचं मन किती मोठं!" सरपंच म्हणाले. हे म्हणतानाच त्यांनी स्टूल आणायची खूण केली होती.

बायकांमध्ये बसलेल्या काकू उठल्या. पदर खोचला.

"स्टूल ठेवा खाली. ह्यांचा फोटू माझ्या घरात हाय, तितं जागा लय हाय. पोरीच्या फोटूला कोन हात लावतोय ते बघतेच मी."

सरपंचांनी सभा संपल्याचं जाहीर केलं. काकू मात्र स्वातीच्या फोटोखाली खुर्ची ओढून बसल्या. शेवटचा माणूस बाहेर पडला, दाराचं कुलूप किल्लीसकट स्वतःच्या हातात आलं, तेव्हा कुठे त्या उठल्या.