मामाच्या समुद्रातलं तण

'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या मामाच्या तोंडून ऐकलेला माणूस मागच्या महिन्यापर्यंत परभणी जिल्ह्यात जिवंत नव्हता, आणि मेलेल्यांपैकीही कुणी ऐकले असतील असं मला वाटत नाही. कृषी खात्यात मामाचा उभा जन्म गेला. शेतकरी खिशात पान घालून यायचा, मामा ते हातातसुद्धा घ्यायचा नाही. लांबूनच म्हणायचा, "तण हाय, उपट," की पुढचा माणूस. लग्नाच्या पंगतीत बसल्या जागेच्या गवताची जात सांगितल्याशिवाय त्याने पहिला घास घेतला नाही. मी कॉलेजात असल्यापासून अन्यायाविरुद्ध पत्रकं काढते. (माझ्या वडिलांनी मला खुळखुळ्याऐवजी पत्रकच हातात दिलं होतं, असं मामी म्हणते.) माझं प्रत्येक पत्रक मामा चिमटीत धरायचा आणि परत द्यायचा. "विशेषणं लय माजलीत. खुरपून घे."

हा माणूस निवृत्त झाल्यावर जिंतुरात समुद्र पाळेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. जमिनीतलं मीठ कसं घालवायचं हे गावोगाव सांगत फिरलेला मामा बादलीत मीठ मोजून घालताना पाहिला, तेव्हा मी दारातच थिजले. बैठकीत काचेची भलीमोठी टाकी, त्यात दोन नारिंगी मासे, काही दगड, आणि पोवळ्याचा एक बोटभर जिवंत तुकडा. त्याला मामा 'बाळ' म्हणायचा. पाणी तापू नये म्हणून घरातला एकुलता एक कूलर टाकीकडे तोंड करून. "मासं गार बसलेत अन् आमी शिजायलोत," मामी पदराने वारा घेत म्हणायची. "पुढच्या जन्मी मलाबी टाकीतच घाला." मी अर्थातच 'समुद्राची लूट थांबवा' असं पत्रक लिहून मामाच्या हातात दिलं. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं, चार घड्या घातल्या आणि टाकीच्या एका पायाखाली सारलं. टाकी त्या बाजूला डुगडुगत होती.

मग मागच्या महिन्यात दगडावर काहीतरी उगवलं. लवंगेएवढा तपकिरी देठ, वर पारदर्शक बोटांचा झुबका. या सगळ्या गोत्राला समुद्रफूल म्हणतात. दिसायला फूल, पण असतो प्राणी, आणि त्याची बोटं डसतात. बोलावलं कुणी नव्हतं, दगडाला चिकटून आलं असावं. ते बाळाला इतकं खेटून होतं की बाळाची एक कड पांढरी पडली होती. मामाने नेहमीप्रमाणे लांबूनच निकाल दिला, "तण हाय," आणि बाही सरसावून चिमट्याने खुरपणी केली. आठवड्यात एकाची सात झाली. हरळीची गत! देठाचा कण जरी दगडाला राहिला, तरी त्याचं नवं फूल. मामाने पुन्हा खुरपलं. मग मोजणंच बंद केलं. फोनवर मासे पाळणाऱ्यांचा एक गट आहे, तिथे त्याने फोटो टाकले. पाच जणांनी पाच नावं सांगितली. एक म्हणाला मारा, एक म्हणाला दुर्मीळ आहे, जपा.

मी गेले तेव्हा मामा टाकीसमोर स्टुलावर बसून भिंगातून बघत होता.

"नेमकं काय आहे ते, मामा?"

मामाने भिंग काचेला आणखी टेकवलं. "मला माहीत न्हाई."

मामी कणीक मळायची सोडून तशीच बाहेर आली आणि पिठाच्या हातानं तिनं त्याचं कपाळ चाचपलं. "ताप न्हाई," ती घाबरून मला म्हणाली.

कपाळावर पिठाची बोटं घेऊनच मामा बोलू लागला. "ताडकळसची एक बाई आलती. नोकरीला नवाच होतो. पदरात रोप घेऊन आलती. मी न बघताच म्हणलो, रानमाठ हाय, उपटा. तिनं आर्धं रान उपटलं. राजगिरा पेरलता तिनं. कोवळेपणी दोनी सारखेच दिसतात."

"मग? भांडली नाही ती?"

"भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणली, साहेब म्हणले म्हणजे तणच असंल."

मी हादरले. साहेब म्हणाले म्हणजे खरं, या एका वाक्याविरुद्ध मी इतकी पत्रकं काढली, आणि तो साहेब माझ्याच मामाच्या खुर्चीत बसलेला होता! मथळा तर डोक्यात तयारही झाला. पण भिंगामागे मामाचा डोळा बशीएवढा दिसत होता, आणि ओला होता. माझी सगळी विशेषणं गळून पडली.

"ते ऱ्हाऊ द्या," मामी हळूच म्हणाली, "आधी बाळाला हलवा तिथून."

बाळ आता टाकीच्या दुसऱ्या टोकाला आहे. पांढरी कड पांढरीच आहे, पण वाढलेली नाही. एक समुद्रफूल मामाने दगडाच्या कपचीसकट मामीच्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत वेगळं ठेवलंय, हवेची नळी सोडून. बरणीवर सरकारी अक्षरात चिठ्ठी आहे : 'नाव – माहीत नाही. उपटू नये.' रोज सकाळी तो तिच्यासमोर स्टूल घेऊन बसतो. मी गेले की माझ्यासाठीही एक स्टूल ओढतो.

परवा मी त्याला त्या ताडकळसच्या बाईचं नाव विचारलं. मामाने भिंग धोतराच्या सोग्याला पुसलं, पुन्हा पुसलं.

"तेबी माहीत न्हाई, माय," तो म्हणाला. "ईचारलंच न्हाई."