जुन्यांच्या बाजूचे सुभेदार

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं उरकली की आमच्या घरात 'जुने विरुद्ध नवे' हा खेळ रंगतो. नव्यांनी जुन्या काळातलं ओळखायचं, जुन्यांनी आजचं. प्रश्न काढायचे मी, कारण मी शाळेत शिकवते. मास्तरणीला सुट्टीतही सुट्टी द्यायची नाही, असा कुंडलच्या या घराचा जणू नियमच आहे.

यंदा सकाळीच मनुबाई काकी माझ्या स्वयंपाकघरात आल्या. काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. सत्तरीची बाई, पण पहाटे एकटी उसाला पाणी पाजायला जाते, साप दिसला तरी डगमगत नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी आत येताच आधी दार लोटून घेतलं.

"अंकिता, आजचं परश्न मला दाव."

"काकी, ही तर कॉपी झाली!" मी हसले.

"हू दे कॉपी. ह्यास्नी काय बी ध्यानात ऱ्हाईना झालंय."

'हे' म्हणजे लालासाहेब काका. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, जुन्यांच्या बाजूचा दर वर्षीचा हुकमी एक्का. महिन्यापूर्वी ते औषधं आणायला पलूसला गेले आणि घरचा रस्ताच विसरले. दोन तास स्टँडवर बसून होते. काकींनी हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगा जयराज पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो. त्याला कळलं की तो दोघांना घेऊन जाणार आणि इथल्या दाराला कुलूप लागणार, याची त्यांना धास्ती.

"तितं वर समदी दारं सारकीच. ह्यो मानूस भाईर पडला तर परत कुटल्या दारात जाईल?" काकी म्हणाल्या. "त्यापरीस झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी."

डॉक्टरांकडे न्या, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. ते सोडून मी मुकाट्यानं प्रश्नांचा कागद वाचून दाखवला. मग तासभर परसात त्या दोघांची घोकंपट्टी चालली होती.

दुपारी खेळ सुरू झाला. प्रश्न मी विचारत होते आणि मलाच घाम फुटला होता. काकांच्या मागं बसलेल्या काकींचे ओठ प्रत्येक उत्तराबरोबर हलत होते. समोर जयराज वडिलांकडे जरा जास्तच निरखून बघतोय, असं मला वाटत होतं.

"काका, मोबाईलवर दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे काय?"

"समोरच्यानं वाचलं."

"आणि मोबाईलमधला नकाशा कशासाठी?"

"रस्ता चुकू नये म्हनून."

टाळ्या पडल्या. मला काकींकडे बघवेना. पण कागद संपला होता, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात जयराजची मुलगी समीक्षा उभी राहिली. "शेवटचा प्रश्न माझा. आजोबा, आजीचं नाव घ्या. उखाणा नको, नुसतं नाव चालेल."

काकांनी तोंड उघडलं. मागं वळून काकींकडे बघितलं. या वेळी काकींचे ओठ हलले नाहीत.

"लाजलं! सुभेदार लाजलं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळं घर हसायला लागलं. जयराजनं शिट्टी मारली. त्या लाजण्याचे पूर्ण गुण जुन्यांना मिळाले.

मीही हसले. लग्नाच्या बावन्न वर्षांत काकांनी काकींना नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. 'अगं', 'ऐकलंस का', फार तर 'जयराजची आई'. आमच्याकडच्या जुन्या माणसांची ती रीतच आहे. मग माझी नजर काकींच्या चेहऱ्यावर गेली. त्या हसत नव्हत्या. नाव कधी गेलं असेल? महिन्यापूर्वी, का वर्षापूर्वी? जे कधी तोंडी येतच नव्हतं, ते हरवल्याचं कळणार तरी कुणाला?

जुने जिंकले म्हणून कल्ला चालला होता. काका उठून काकींशेजारी बसले. मी त्यांना पाणी द्यायला गेले.

"ती पोरगी कुनाचं नाव इचारत हुती?" त्यांनी हळूच विचारलं.

"माजं," काकी म्हणाल्या.

काका रागावलेच. "मंग सकाळी सांगायचं न्हाई व्हय? बाकी समदं पाट करून घेतलंस, आन ह्ये तेवढं ऱ्हाऊन गेलं."

काकी त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मनुबाई."

"मनुबाई," काका म्हणाले. विसरू नये म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.

काकी उठल्या.

"जयराज, गाडी काड. तुज्या अप्पास्नी मिरजंला डाक्टरकडं न्ह्यायाचंय."

"आत्ता? काय झालं?"

"वाटंत समदं सांगती," काकी म्हणाल्या आणि काकांच्या चपला शोधायला लागल्या.