ब्रह्मा घाटावरची हिवाळाबाई

काशीला लोक पाप धुवायला जातात. मी संगमरवरातली एक बाई बघायला निघालो होतो. जानेवारीचा महिना, नव्वदच्या दशकातली गोष्ट, गळ्यात उसना कॅमेरा. साताऱ्याच्या आमच्या कलामंडळात शिल्पातल्या ऋतूंवर स्लाइड दाखवून बोलेन, असं मी छातीठोकपणे कबूल करून बसलो होतो. सगळी मदार एका मूर्तीवर होती. ब्रह्मा घाटाजवळच्या एका मराठी घरात कुडकुडत उभी असलेली युरोपीय तरुणी, म्हणजे साक्षात हिवाळा. घरच्या पणजोबांकडे संस्कृत शिकलेला कुणी साहेब मायदेशी जाताना ती ठेवून गेला होता.

धुक्यात रखडत गाडी एकदाची पोचली. घाटावर मलइयो (दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस) खाल्ला. तोंडात जातो आणि काहीच उरत नाही, माझ्या व्याख्यानांसारखा.

त्या मराठी घरी बँकेतून निवृत्त झालेले काका आणि काकू राहत होते. मूर्ती चौकात होती, पण टाचेपासून हनुवटीपर्यंत शालीत गुंडाळलेली, वर लोकरीची टोपी. थंडीत काशीचे देवही गरम कपडे घालतात. काकूंनी तोच नेम हिला लावला होता. शाल काढाल का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, आता वसंत पंचमीला. माझी परतीची गाडी दुसऱ्याच दिवशी होती. मग मी विद्वत्ता बाहेर काढली. हात छातीशी आवळून उभी असलेली ही स्वतःच हिवाळा, हिला थंडी कशी वाजेल?

"तुम्हीच सांगता ना, हात छातीशी आवळून उभी आहे म्हणून?" काकू म्हणाल्या. "ठंड लागत नसती तर कशाला आवळले असते?"

यावर मी चहा प्यायलो.

काकांनी मध्यस्थी केली तेव्हा काकू एका अटीवर तयार झाल्या. "ती उघडी राहील तोवर तुम्हीपण स्वेटर-शर्ट उतारून उभे राहा. म्हणजे जल्दी आटपाल."

मी बनियनवर आलो, शाल उतरली. आखडलेले खांदे, झुकलेली मान, दगडावर उमटलेला शहारा. इतकं सुंदर काही मी जवळून पाहिलं नव्हतं. पण हात असे लटपटत होते की कॅमेरा धरवेना. शेवटचा फोटो स्वेटरवाल्या काकांनी काढला, माझी आठवण म्हणून मूर्तीशेजारी मला उभं करून. मग काकूंनी आधी तिला शाल पांघरली, नंतर मला रजाई.

साताऱ्यात रोल धुऊन आला. माझे सगळे फोटो हललेले, काकांचा तेवढा स्वच्छ. तोच दाखवावा लागला. भरल्या सभागृहापुढे पडद्यावर आम्ही दोघं, हात छातीशी आवळून, अगदी सारखे; फरक बनियनचा. लोक पोट धरून हसले. मग हळूहळू हसू ओसरलं आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी रिवाजाप्रमाणे मंडळाने माझा सत्कार केला. श्रीफळ घरी नेलं. शाल ब्रह्मा घाटावर पाठवून दिली. व्याख्यान तिचंच झालं होतं.