डावीकडची सीट

सकाळी गाडी चालू केली की पुढून टिक टिक असा आवाज यायचा. इंजिन तापलं की बंद व्हायचा. जो आवाज आपोआप बंद होतो त्याच्या मागे कशाला लागायचं, म्हणून मी गाणी लावायचो.

गाडी बारा वर्षांची, डिझेलची, टर्बोवाली. तीन वर्षांपूर्वी घेतली तेव्हाच जुनी होती. पण आमच्या घराण्यात चारचाकी घेणारा मी पहिला, जसा बी.एस्सी. होणाराही मीच पहिला. दोन्हींचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. केळापूरकडच्या आमच्या गावात मी ती रोज धुवायचो. मागच्या काचेवर लाल अक्षरांत ‘टर्बो’ लिहून घेतलं, आत मोगऱ्याच्या सेंटची बाटली टांगली, समोर धुक्याचे दिवे लावले. दिव्यांची वायर आत आणायला इंजिन आणि आपली बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातलं एक रबरी बूच मी स्वतःच्या हाताने काढलं. वायर आली, पण बूच परत बसेना. ते समोरच्या कप्प्यात टाकलं आणि विसरलो.

मायला मी पुढे, माझ्या डावीकडे बसवायचो. मानाची जागा.

तिचे गुडघे दुखायचे म्हणून पहिल्यांदा यवतमाळला नेलं. दोन तासांच्या रस्त्यात तिला असं गरगरलं की डॉक्टरांच्या पायरीवर बसूनच तिने उलटी केली. गुडघे बाजूलाच राहिले. मग दर महिन्याला चकरा सुरू झाल्या. रक्त तपासलं, छातीची ईसीजीची पट्टी काढली, साखर पाहिली, काही निघेना. घरी आली की दुसऱ्या दिवशी ही बाई खडखडीत, अंगणात तूर पाखडत बसलेली. पुढच्या महिन्यात डॉक्टरांसमोर पुन्हा डोकं धरून. शेवटी डॉक्टर म्हणाले, मेंदूची तपासणी करावी लागेल, नागपूरला जा. त्यांनी तशी चिठ्ठी लिहून दिली.

त्या दिवशी जाताना गाडीत झालेलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. आठवू नये असं वाटतं, तरी आठवतं.

“काच जराशी खाली कर ना रे बाबू.”

“माय, एसी चालू हाये. धूळ येते.”

“मले गरगरून राह्यलं.”

“दूर पाह्य. रस्त्याकडं नको पाहू.”

“तुया गाडीत बसलं का मले असंच होते.”

“मंग यष्टीत नाही होत काय?”

“यष्टीले काच कुठी असते?”

मी हसलो. मला वाटलं, म्हातारीला गाडीची सवय नाही. तिने लुगड्याचा पदर नाकावर घेतला होता. समोर चौक आला, ओळखीची दोन-चार माणसं चहा पीत उभी होती. मी म्हणालो, “नाकावरचा पदर काढ बरं. लोक म्हनतील, याच्या गाडीत काय सडून राह्यलं काय?”

तिने काढला. लेकराचा मान राखला.

चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो तेव्हा ती फक्त एवढंच बोलली, “हिरवं लुगडं धाकटीले देजो. मोठीजवळ हायेत.” धाकटी म्हणजे माझी लहान बहीण. मी गाडी चालू केली.

घरी जाण्याआधी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला एका गॅरेजवर थांबलो. कारण माय नव्हती, कारण गाडी होती. चढावर ती दम सोडायची, मागून काळा धूर फेकायची, टर्बोचं ओढणंच गेलं होतं. मेकॅनिक पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. त्याने मायला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, पोरगा शाळेत सर आहे हे तिच्याकडून ऐकलं आणि बॉनेट उघडायच्या आधी मला विचारलं, “सर, या गाडीत त्रास कोनाले होते?”

“गाडीलाच होते. चढत नाही.”

“मान्साचं विचारून राह्यलो.”

माय स्टुलावरूनच म्हणाली, “मले होते, भाऊ.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तोंड पिवळं पडलेलं, कपाळावर घाम. मग मला म्हणाला, “तुमी मावशीच्या जागेवर बसा. काचा लावा. एसी जसा रोज लावता तसा लावा.” त्याची ती पद्धतच होती. गाडी ज्याला छळते त्याच्या सीटवर मालकाला आधी बसवायचं. मला ते वेळ घालवणं वाटलं. पण बसलो. आणि बसताना ध्यानात आलं की तीन वर्षांत मी या सीटवर एकदाही बसलो नव्हतो.

मेकॅनिकने सेंटच्या बाटलीची दोरी तोडून ती खिशात टाकली, ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि इंजिन वाढवलं, कमी केलं, पुन्हा वाढवलं. दोन मिनिटं काही नाही. मग पायापासून वर काहीतरी गरम, कडवट येऊ लागलं. जळलेल्या डिझेलचा वास. मोगऱ्याच्या मागे हा वास रोज बसलेला होता. पाचव्या मिनिटाला माझी कानशिलं ठणकू लागली. सातव्या मिनिटाला मी दार उघडून बाहेर आलो.

“माय यात दोन तास बसते,” मी म्हणालो. कोणाला म्हणालो कोण जाणे.

त्याने मायचं स्टूल दूर झाडाखाली वाऱ्यावर नेऊन ठेवलं आणि इंजिनावरचा पत्रा खोलला. सिलिंडरमधला धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा जाड भाग असतो, त्याला ते लोक मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या मागच्या अंगाला काजळीचा लांब काळा ओघळ होता आणि ओघळाच्या मधोमध चीर.

“इंजिन तापलं का लोखंड फुगते, आवाज दबते. तुमाले वाटते, गेलं. पन चिरीतून धूर काही थांबत नाही,” तो म्हणाला. मग बॅटरीचा उजेड त्याने मागच्या पत्र्यावर टाकला. “हे भोक कोनं उघडं ठेवलं?”

माझ्या धुक्याच्या दिव्यांची वायर त्यातूनच आत गेली होती.

“एसीचा पंखा आतलीच हवा फिरवते. अन् ती ओढते इथून, डाव्या बाजूनं, पायापाशी. हे भोक बी इथंच. म्हनजे इंजिनातला धूर पयले मावशीच्या तोंडावर, मंग बाकीच्यावर. बूच कुठी हाये याचं?”

मी समोरचा कप्पा उघडला. ते तिथंच होतं, मायच्या गुडघ्यांपासून एक वीत अंतरावर. तीन वर्षं.

“सर, तुमी शाळेत काय शिकवता?”

“विज्ञान.”

तो चिंधीला हात पुसत राहिला. मी नववीच्या वर्गाला दरवर्षी सांगतो की बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. फळ्यावर लिहून देतो. पोरं पाठ करतात. परीक्षेत विचारतो.

“वेल्डिंग करून देता काय?” मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

“बीड हाये ते. वेल्डिंग धरलं तरी पुन्हा फाटते. अन् मी तं करून देनार नाही.” मायकडे बोट न दाखवता त्याने मान त्या बाजूला केली. “नवीन बोलावतो नागपूरहून. तीन दिवस लागतील. गाडी इथंच राहू द्या.”

म्हणून आम्ही यष्टीने घरी गेलो. मायला खिडकीची जागा मिळाली. काच अर्ध्यावर अडकलेली, वारा तोंडावर. मी शेजारी बसून तिच्याकडे पाहत होतो. अर्धा तास झाला, तिचा रंग परत आला. एक तास झाला, तिने मागच्या सीटवरच्या बाईशी कापसाच्या वेचणीवरून बोलणं काढलं. मग पिशवीतून पेरू काढला, अर्धा मला दिला आणि अर्धा खाल्ला. ज्या रस्त्यावर ती महिन्यामागून महिने डोकं धरून वाकलेली मी पाहिली, त्याच रस्त्यावर ती पेरू खात होती. माझ्या हातातला अर्धा तसाच राहिला.

गाव आलं तशी ती जरा संकोचून म्हणाली, “आज नाही गरगरलं रे बाबू.” जणू काही तिची चूक झाली.

चिरीचं आणि बुचाचं मी तिला अजून सांगितलं नव्हतं; तिची पिशवी घेऊन आधी उतरलो.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच लोहाऱ्याला गेलो. नट गंजून जाम झाले होते. एक बोल्ट आतच तुटला होता, तो काढण्यात त्याचा अख्खा दिवस गेला होता. जुना मॅनिफोल्ड फरशीवर पडला होता. मी उचलला, वजनदार होता. चिरीत नख घातलं तर नख आत गेलं. माझ्यासमोर त्याने नवीन बसवला, नवी पॅकिंग लावली, मधल्या नटापासून सुरू करून दोन्ही बाजूंना थोडं थोडं आवळत गेला. मग त्यावर टर्बो. शेवटी बुचाला साबणाचं पाणी लावून, स्क्रू ड्रायव्हरने दाबून ते बसवलं. ते बसायला अर्धं मिनिट लागलं.

“आता बसा,” तो म्हणायच्या आधीच मी डावीकडे जाऊन बसलो. काचा लावल्या. वीस मिनिटं बसलो. कसलाही वास नाही. टिक टिक नाही.

घरी येऊन मायला सांगितलं. ती तूर निवडत होती. सगळं सांगितलं. चीर, भोक, बूच, सेंट. तिने सूप खाली ठेवलं.

“म्हनजे मले काही झालं नाही?”

“नाही माय. गाडीले झालतं.”

तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, “मी नाकावर पदर घेऊ तं तू मलेच रागवे.”

तिने सूप पुन्हा उचललं.

डॉक्टरांना सांगायला जाणं भाग होतं. मला वाटलं, ती यष्टीने चल म्हणेल. ती गाडीपाशी आली, डावं दार उघडून बसली आणि काच पूर्ण खाली केली. मी एसीला हात लावला नाही. दोन तास धूळ खात गेलो. तिच्या केसांवर, माझ्या शर्टावर, डॅशबोर्डवर लाल माती. ती शेतांकडे पाहत होती. कोणाचं सोयाबीन काढून झालं, कोणाचं उभं आहे, हे मोठ्याने सांगत होती.

डॉक्टरांसमोर ती स्वतःच्या पायांनी गेली. “आज चक्कर?” त्यांनी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं, उभं राहून, वर्गात उत्तर देतात तसं. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी तिची नाडी पाहिली, डोळे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही तर शिकलेले आहात ना?”

“शिकलेला हाये, म्हनून तं काच लावून ठेवे,” माय म्हणाली.

डॉक्टरांना हसू आलं, मला आलं नाही. त्यांनी नागपूरची चिठ्ठी मागून घेतली, दुमडून खणात ठेवली. सध्या थांबू, म्हणाले, महिन्याने पाहू. मग माय म्हणाली, “आता गुडघे पाहा डॉक्टर. मी गुडघ्यासाठीच आलती.”

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. तिने लुगडं जरा वर केलं आणि उजवा गुडघा दाखवला. मी बाहेर आलो. गाडीची डावी काच खालीच राहिली होती. ती लावायला म्हणून मी किल्ली फिरवली, आणि काच तशीच खाली राहू दिली.